तांदूळ निवडणारी आजी आणि बाझाँसाहेब

ताई,

मी कळव्याला राहते. ठाण्यातल्या एका कॉलेजात मास मीडियाच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय सिनेमा. वर्गात मला ‘पुस्तकी किडा’ म्हणतात, कारण रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइन, फ्रेंच समीक्षक बाझाँ वगैरेंच्या नोट्सनी माझ्या दोन वह्या भरल्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मी पहिली फिल्म केली. 8 मिनिटांची. आजी घरात तांदूळ निवडते, एवढीच गोष्ट. त्यात 4 मिनिटांचा एक सलग शॉट आहे, मध्ये एकही कट नाही. बाझाँ वाचल्यावर वाटलं की काळ तोडायचा नाही. बाबांकडून साडेतीन हजार घेऊन एका दिवसासाठी कॅमेरा भाड्याने आणला होता. कॉलेजात दाखवली तेव्हा मागच्या बाकांवर मोबाईल निघाले. पंख्याचा आवाज एवढा आला की बाकी काही ऐकूच आलं नाही. सरांनी मात्र फिल्मसोबत दिलेल्या निबंधाला वर्गात सर्वांत जास्त मार्क दिले. एक जण म्हणाला, ‘पिक्चरपेक्षा निबंध भारी होता.’ त्या दिवसापासून वही उघडलेली नाही.

एक सीनियर घोडबंदर रोडला एका मालिकेच्या सेटवर असिस्टंट आहे. तो म्हणतो, उद्यापासून ये, कॉलेजात 3 वर्षांत कळणार नाही ते इथे 1 महिन्यात कळेल. पण हे शेवटचं सेमिस्टर. सेटवर गेले तर हजेरी भरणार नाही. आई म्हणते, आधी डिग्री हातात घे. बाबा काहीच म्हणत नाहीत. थिअरी सोडू, कॉलेज सोडू, की दोन्ही?

ता. क. त्या शॉटच्या शेवटी आजी म्हणाली, ‘झालं का गं? पायाला मुंग्या आल्या,’ आणि तिने पाय लांब केला. ते अर्थातच कापलं.

– शंकासुर, कळवा

शंकासुरबाई,

सही वाचून हसू आलं. आमच्या गावी शिमग्यात काळा अंगरखा आणि उंच टोकदार टोपी चढवलेला संकासुर यायचा आणि आम्ही पोरं माजघरात पळायचो. तुझ्या शंकांना मी तेवढी घाबरले नाही. पत्र मात्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सगळं, दुसऱ्यांदा फक्त ताजा कलम. त्याच्याकडे सावकाश येते.

थिअरी सोडू का, असं विचारतेस. अगं, धरली होतीस कधी? राग मानू नकोस. दोन वह्या भरल्यास, ती मेहनत खोटी नाही. पण बाझाँच्या एवढ्या लिखाणातून तू एकच आज्ञा उचललीस, कापायचं नाही, आणि ती आजीवर लादलीस. नव्या सुनेने ‘आमच्याकडे कांदा चालत नाही’ एवढंच ऐकावं आणि या घरचा स्वयंपाक मला आला म्हणून सांगावं, त्यातला प्रकार.

बाझाँने ज्या दृश्यावरून जीव ओवाळून टाकला ते दृश्य आता पुन्हा बघ. इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ डी सिकाचा 1952 चा ‘उंबेर्तो डी’. त्यातली घरकाम करणारी पोर सकाळी उठून स्वयंपाकघरात येते. काडी भिंतीवर ओढते. भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी मारते. काचेच्या छतावरून एक मांजर जातं, ते बघते. पोटावरून हात फिरवते, कारण तिला दिवस गेलेत आणि लग्न झालेलं नाही. मग कॉफी दळायला बसते आणि बसल्या बसल्या पाय लांब करून पायाच्या बोटांनी दार ढकलते. कथा इंचभरही पुढे जात नाही. तू हे दृश्य वाचलं असणार. बघितलंयस का? बघितलं असशील तर आता कागद-पेन्सिल घेऊन बस आणि कट मोज. कट आहेत, बरेच आहेत. बाझाँ ज्याला खरा काळ म्हणत होता तो एका सलग शॉटमध्ये नाहीच. त्या पोरीच्या सकाळीतली एकही बारीक गोष्ट ‘यात काय दाखवायचं’ म्हणून गाळलेली नाही, म्हणून तो काळ जाणवतो. तो एकामागून एक होणाऱ्या बारीकसारीक घटनांनी भरलाय. फक्त त्या घटना एरवी सिनेमात घेत नाहीत अशा आहेत.

तुझ्या 4 मिनिटांत काय घडलं? मी फिल्म पाहिलेली नाही. पण एवढ्या पत्रात त्या 4 मिनिटांबद्दल एक वाक्यही नाही. परात होती की ताट? खडा सापडला का? सापडल्यावर आजीने तो कुठे टाकला? खाली भाजीवाला ओरडला तेव्हा तिचा हात थांबला का? हे तुला सांगावंसं वाटलं नाही, कारण शूट करताना तू बहुतेक आजीकडे बघतच नव्हतीस. शॉट किती वेळ चाललाय तिकडे बघत होतीस.

आणि हा बाझाँ, ज्याला सगळे पुस्तकी समजतात. त्याने एकही चित्रपट दिग्दर्शित केला नाही, खरं आहे. पण तो खोलीत बसून नियम काढत नव्हता. युद्धानंतरच्या पॅरिसात तो कामगारांसाठी, विद्यार्थ्यांसाठी सिनेक्लब चालवायचा. पडद्यावर सिनेमा, आणि संपला की समोर बसलेल्या माणसांशी बोलणं. त्याच्याभोवती जमलेली त्रुफो-गोदारसारखी पोरं आधी लिहीत होती, भांडत होती, मग त्यांनी कॅमेरा हातात घेतला. बाझाँ 1958 मध्ये गेला, जेमतेम 40 वर्षांचा. पुढच्या वर्षी आलेला त्रुफोचा पहिला मोठा चित्रपट त्याला अर्पण केलेला आहे. या माणसाला तुझ्या मागच्या बाकांचा राग आला नसता. मोबाईल नेमके कुठल्या मिनिटाला निघाले, हे त्याने आधी विचारलं असतं. तुला ते आठवतंय का?

आता माझी फजिती सांगते, म्हणजे फिटंफाट होईल.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी एका संकलकाकडे असिस्टंट म्हणून लागले. वस्ताद माणूस. शिक्षण बेताचं, हात सोन्याचा. तेव्हा फिल्म कापणं म्हणजे खरोखरच कापणं होतं. पांढरे हातमोजे, स्प्लायसर, चिकटपट्टी, आणि खिळ्यांवर लटकणारे फिल्मचे तुकडे. 35 एमएमचा 400 फुटांचा रोल साडेचार मिनिटांच्या आत संपायचा. तुझा आजीचा शॉट म्हणजे जवळपास अख्खा एक रोल झाला असता, आणि निर्मात्याने तुला तिथेच ताटाखाली झाकलं असतं. असो. पहिले काही महिने मी फक्त क्लॅप जुळवून रशेस, म्हणजे शूट झालेली कच्ची फिल्म, आवाजाशी सिंक केल्या. मग एक दिवस वस्तादांनी एक सीन दिला. नवरा-बायकोचं भांडण, समोर चहा. मी डोक्यात आयझेनस्टाइन घेऊन बसले, म्हणजे शॉटवर शॉट आपटून अर्थ काढायचा. क्लोजवर क्लोज आपटले. डोळा, ओठ, मूठ, डोळा. रात्री घरी जाताना लोकलमध्ये मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

सकाळी वस्तादांनी तो तुकडा मशीनवर चालवला. एकदा. परत एकदा. मग विचारलं, ‘बाईच्या हातातला कप कुठे गेला?’ कप एका शॉटमध्ये हातात, पुढच्यात टेबलावर, त्यापुढच्यात परत हातात. मी गडबडून आयझेनस्टाइनचं नाव घेतलं. ते म्हणाले, ‘त्यांनी नेला का?’

पुढचे कितीतरी दिवस युनिटमध्ये काही हरवलं की आयझेनस्टाइनने नेलं असंच म्हणायचे. तुझा सीनियर ही गोष्ट ऐकून टाळ्या वाजवेल. बघा, सांगत होतो ना, पुस्तकात काही नसतं. पण गोष्ट इथे संपत नाही.

काही महिन्यांनी दुसरा सीन आला. बाईला भाऊ गेल्याचं कळतं. नटी गुणी होती, पण त्या दिवशी तिने इतकं रडून ठेवलं होतं की बघणाऱ्याला रडायला जागाच उरली नाही. सगळे टेक तसेच. वस्ताद म्हणाले, ‘चेहरा उसना घेऊ.’ म्हणजे काय, तर भलत्याच सीनच्या रशेस काढल्या. तिथे क्लॅपच्या आधी ती नुसती उभी होती. लाइटवाला काहीतरी हलवत होता आणि ही तिकडे बघत होती. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. ते 3 सेकंद उचलले आणि भावाच्या सीनमध्ये लावले. पहिल्या शोला माझ्या शेजारची बाई पदराने डोळे पुसत होती.

मी वस्तादांना म्हटलं, हे तर कुलेशॉव्हचं. ते म्हणाले, कोण? मग मी सांगितलं. 1917 च्या क्रांतीनंतर रशियात कच्च्या फिल्मची टंचाई होती. लेव्ह कुलेशॉव्ह आणि त्याचे विद्यार्थी जुन्याच प्रिंट कापून, पुन्हा जोडून शिकत होते. त्यात त्यांनी मोझुखिन नावाच्या नटाचा एक शांत चेहरा घेतला आणि तोच चेहरा तीन वेगवेगळ्या शॉट्सना जोडला. कुलेशॉव्हसोबत काम केलेल्या पुडोव्हकिनने लिहून ठेवलंय त्याप्रमाणे एकदा सूपची थाळी, एकदा शवपेटीतली बाई, एकदा खेळणाऱ्या लहान मुलीचा शॉट. लोक म्हणाले, वा, काय अभिनय! भूक काय, दुःख काय, माया काय. चेहरा एकच होता.

वस्ताद जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘म्हणजे त्यांच्याकडेही रॉ स्टॉकची बोंब होती.’

आयुष्यात ऐकलेली सिनेमाच्या सिद्धांतांवरची ती सर्वोत्तम टीका. पुढचं अजून ऐक. तोवर ते चेहरा उसना घ्यायचे ते सीन बिघडल्यावर, नाइलाजाने. त्या दिवसानंतर ते दिग्दर्शकांना आधीच सांगू लागले की ॲक्शन म्हणायच्या आधी आणि कट म्हणायच्या आधी 5-5 सेकंद कॅमेरा चालू ठेवा, मला रिकामे चेहरे लागतात. ज्या युक्तीला नाव नव्हतं ती अडचणीत सुचली तर सुचायची. नाव मिळाल्यावर ती मागून घेता यायला लागली. पुस्तकांचा मला झालेला उपयोग एवढाच आहे, आणि तो थोडा नाही. आयझेनस्टाइन मी पुढे पुन्हा वाचला, कप सांभाळून. वेगळाच निघाला.

तर तुझ्याकडे येऊ. निबंध भारी होता, असं तो मुलगा म्हणाला. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. निबंध तू किती वेळा लिहिलास? खोडलं असशील, परिच्छेद वरखाली केले असशील, शेवटची प्रत काढायच्या आधी तीन-चार कच्च्या झाल्या असतील. आणि फिल्म? एकदा. भाड्याच्या कॅमेऱ्यावर, एका दिवसात, संध्याकाळी परत करायचाय या धाकात. चौथ्या प्रतीची पहिल्या प्रतीशी तुलना झाली आणि तू त्याचा अर्थ लावलास की मला लिहिता येतं, करता येत नाही.

तोच सीन परत शूट कर. नवीन विषय शोधू नकोस. तीच आजी, तेच तांदूळ. हे कोणी करत नाही, कारण कंटाळवाणं आहे, आणि दुसऱ्यांदा केलेल्या कामाचा फोटो टाकता येत नाही. बाबांच्या खिशाला हात लावायचा नाही. मोबाईल पुरे. फक्त त्यात सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर एक पन्नासांश सेकंद ठेव. फोन बहुतेक वेळा 30 फ्रेमवर असतो आणि आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे फिरतात, नाहीतर फडफड दिसते. फोनच्या कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं ॲप फुकट मिळतं. फोकस आणि एक्स्पोजर लॉक कर, नाहीतर आजीने हात हलवला की अख्खं घर उजळेल आणि अंधारेल.

उजेडासाठी खिडकी आहे. दुसऱ्या बाजूला थर्मोकोलचा पत्रा, नाहीतर सरळ पांढरी चादर धर. हे जुगाड समजू नकोस. सुब्रत मित्र हा मनुष्य, ज्याने ‘पथेर पांचाली’च्या आधी सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता, त्याने 1956 च्या ‘अपराजितो’त बनारसच्या घराच्या अंगणाचा सेट कलकत्त्याच्या स्टुडिओत असाच उजळला. वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्याच्यावर मारून उजेड खाली परतवला, कारण खऱ्या अंगणात वरून झिरपणाऱ्या उजेडाला कडक सावली नसते हे त्याने बघून ठेवलं होतं. बघून, हां.

आवाजाचं जास्त सांगते, कारण तुझी फिल्म तिथेच पडली. विद्यार्थ्यांच्या निम्म्याहून अधिक फिल्मी तिथेच पडतात असं माझं अनेक वर्षं तपासून झालेलं मत आहे. चित्र हललं तर लोक म्हणतात मुद्दाम केलंय. आवाज गेला की उठतात. पंखा बंद. फ्रिज बंद. आणि फ्रिज बंद केलास की घराची किल्ली त्याच्यात ठेव. ही साउंडवाल्यांची जुनी रीत आहे. बाहेर पडताना किल्ली लागतेच, तेव्हा फ्रिज चालू करायचं आठवतं, दूध नासत नाही, आणि आई पुढच्या वेळी शूटिंगला परवानगी देते. स्वस्तातला कॉलर माइक आजीच्या पदराखाली, नाहीतर दुसरा फोन परातीजवळ. शूट झाल्यावर कोणीही न बोलता अर्धा मिनिट खोलीचा नुसता आवाज घे. ही शांतता एडिटला सगळीकडे ठिगळं लावायला लागते. रुळांपासून घर किती लांब ते मला माहीत नाही, पण कळव्यात लोकलचा भोंगा येणारच. त्याच्याशी भांडू नकोस. 1937 च्या ‘कुंकू’त शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वापरलं नाही, प्रसंगातल्याच आवाजांवर काम भागवलं. तेव्हाच्या ध्वनियंत्रांवर! तुझ्या हातात त्याहून कितीतरी जास्त आहे.

आणि एक कर. खडे टाकायला आजीजवळ स्टीलची वाटी ठेव. खडा पडला की टण्. पहिला टण् झाल्यावर बघणारा दुसऱ्याची वाट बघायला लागतो. 4 मिनिटं त्याला धरून ठेवायला एवढंही पुरू शकतं. कदाचित पुरणार नाही. करून बघ.

पहिल्या रविवारी सलग शॉट, 2 मिनिटांच्या आत. दुसऱ्या रविवारी तेच तोडून. आधी मास्टर, म्हणजे सगळं एकत्र दिसणारा शॉट, मग हात, परात, वाटी, चेहरा, खिडकी. तिसऱ्या रविवारी चेहरा उसना. आजी दुपारी टीव्ही बघते ना, तेव्हाचा तिचा चेहरा घे आणि तांदळाच्या मध्ये लाव. मग त्या चेहऱ्याच्या पुढे बाबांच्या दाराबाहेरच्या चपला लावून बघ. मग चपला नसलेलं दार लाव. आजी काय विचार करतेय, ते आजीला न विचारता बदलेल. हे पुस्तकात वाचून ‘हो, बरोबर’ वाटतं. आपल्याच आजीच्या बाबतीत झालं की पोटात गोळा येतो.

वर्गातल्यांना दाखवू नकोस. शेजारच्या काकूंना दाखव, खालच्या इस्त्रीवाल्याला दाखव. कशी वाटली, असं विचारायचं नाही. आपल्याकडे त्याला ‘छान’ याशिवाय उत्तर नसतं. ‘काय झालं ते सांगा’ असं विचार. आणि ते बघत असताना तू पडद्याकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघ. हात मोबाईलकडे गेला की वेळ लिहून ठेव.

कुठे? वहीत. ती उघड आता. डाव्या पानावर तुझ्या रशेसमध्ये आणि काकूंच्या चेहऱ्यावर तुला जे दिसलं ते. उजव्या पानावर पुस्तकातलं. डावं पान कोरं असेल तर उजवं लिहायचं नाही. वाचनही त्याच मापात ठेव. सलग शॉटच्या आठवड्यात बाझाँचा डी सिकावरचा लेख, तुकड्यांच्या आठवड्यात पुडोव्हकिनची दोन-चार प्रकरणं. मराठीतही वाच. अरुण खोपकर स्वतः चित्रपट करणारे, आणि गुरुदत्तवरच्या त्यांच्या मराठी पुस्तकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. पडद्यावरचा उजेड, हालचाल मराठी वाक्यात कशी उतरते ते तिथे दिसेल. इंग्रजी नोट्स उतरवताना आपण शब्द उतरवतो. आपल्या भाषेत लिहायला बसलं की समजलेलं नाही ते लगेच उघडं पडतं. निदान माझं तरी पडतं.

आता घोडबंदर रोड.

तुझा सीनियर खोटं बोलत नाही. सत्यजित राय यांनी स्वतःच लिहिलंय की कॅमेरा आणि नटांसोबतच्या एका दिवसाने त्यांना डझनभर पुस्तकांपेक्षा जास्त शिकवलं. लोक एवढंच सांगतात. ते डझनभर त्यांनी आधी वाचलं होतं, हे सांगत नाहीत. 1947 मध्ये मित्रांसोबत फिल्म सोसायटी काढली होती, 1950 मध्ये लंडनला नोकरीच्या कामासाठी गेले तेव्हा चित्रपटांचा फडशा पाडला होता. 1952 च्या ऑक्टोबरात ‘पथेर पांचाली’चा पहिला दिवस शूट केला, काशफुलांच्या रानात. पुढच्या रविवारी परत गेले तर गुरांनी फुलं खाऊन टाकलेली. पुढचा हंगाम येईपर्यंत थांबावं लागलं. गुरांचं प्रकरण पुस्तकात नव्हतं, हे खरंच. पण ती फुलं का हवीत, दुसरीकडचं साधं गवत का चालणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं म्हणून ते थांबले.

मालिकेच्या सेटवर तुला काय मिळेल? पुष्कळ. कंटिन्यूटी ठेवायला शिकशील, म्हणजे माझा कप. क्यू द्यायला, जंप म्हणजे दोन शॉट न जुळण्याची चूक पकडायला, कॉल टाइम पाळायला, स्पॉटदादाशी आणि लाइटदादांशी सलोखा ठेवायला, दिग्दर्शक चिडलेला असताना कामाचं तेवढंच बोलायला. 12 तास उभं राहायला. काय मिळणार नाही? तिथे चालतं ते मास्टर, सजेशन (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा शॉट), क्लोज, सजेशन, क्लोज. रोज तेच, कारण एपिसोड रोज जायचा असतो आणि लाइट एकदा लावला की त्यातच सगळं उरकायचं असतं. त्यात कमीपणा काही नाही, तो कारखाना आहे आणि त्याचं वेळापत्रक थक्क करणारं असतं. पण कॅमेरा इथेच का, असा प्रश्न तिथे विचारायला कोणाला वेळ नसतो. तो प्रश्न तू घरून घेऊन गेलीस तरच टिकेल.

तेव्हा आईचं ऐक. आई नोकरीच्या काळजीने सांगतेय, माझं कारण वेगळं आहे. सेमिस्टरचे जेमतेम काही महिने राहिलेत, 75 टक्के हजेरीसाठी पुढच्या वर्षी परत चकरा मारणं हा शुद्ध मूर्खपणा होईल, आणि मालिका कुठे पळून जात नाहीत. सीनियरला सांग, परीक्षा संपली की मे महिन्यात येते, 2 महिने येते. तोवर एखादा दिवस नुसतं बघायला येऊ दे म्हणावं. जाशील तेव्हा तीन गोष्टी न लाजता विचारून घे. पैसे किती. कधी, कारण टीव्हीच्या धंद्यात 90 दिवसांनी हातात पडतात. आणि रात्री पॅक-अप उशिरा झाला तर कळव्यापर्यंत सोडायला गाडी आहे का. ‘बघू, होईल काहीतरी’ असं उत्तर आलं तर नाही असं समज. काम कुठलं हवं विचारलं तर कंटिन्यूटी माग. कॉश्च्युमवर टाकतील आधी, तरी मागून ठेव. बाबांना मात्र आत्ताच सांग की पुढच्या तीन फिल्मी फुकटात होणार आहेत. गप्प बसणाऱ्या माणसालाही हिशेब ऐकायला आवडतो.

आता ताजा कलम.

4 मिनिटं आजी तांदूळ निवडत बसली. नातीने सांगितलं म्हणून हलली नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलली नाही. शेवटी विचारलं, झालं का गं, आणि पाय लांब केला. त्या एका हालचालीने आधीची 4 मिनिटं किती लांब होती ते कळतं. ती कोणासाठी बसली होती तेही कळतं. डी सिकाच्या स्वयंपाकघरात ती पोर पाय लांब करून बोटांनी दार ढकलते, ते बाझाँने आवर्जून टिपून ठेवलंय. मुंग्यासुद्धा आहेत तिथे. तू हे सगळं वहीत उतरवून घेतलंस, आणि तेच तुझ्या घरात, तुझ्या भाड्याच्या कॅमेऱ्यासमोर झालं तेव्हा ‘अर्थातच’ कापलंस.

ती क्लिप डिलीट नाही ना केलीस? कार्ड परत करायच्या आधी लॅपटॉपवर सगळं उतरवलं होतंस ना? आज घरी गेल्यावर आधी ते बघ आणि मला कळव.